एकोणीस भागांची दारू

माघ सरत आला होता तरी सकाळची थंडी अजून अंगाला डसत होती. लोहाऱ्याच्या बाहेर तुराट्यांच्या गंजी रचलेल्या, त्यांच्यावर धुकं बसलेलं. पहिली एसटी घरघर करत उभी होती आणि कंडक्टर चहाचा ग्लास दोन्ही हातांत धरून ऊब घेत होता. जैनोद्दीन शेखनं दुकानाचं शटर अर्धंच वर केलं, वाकून आत शिरला आणि रोजच्या कामाला लागला. कॅमेऱ्याच्या काचेवर आधी फुंकर, मग मऊ फडकं. बॅटऱ्या चार्जिंगला. आणि कॅमेऱ्याच्या स्टँडच्या सांध्यात कालच्या लग्नाची हळद शिरलेली, ती जुन्या दात घासायच्या ब्रशनं खरवडून काढायची. बावीस वर्षांत त्याच्या स्टँडचे पाय कायमचे पिवळे झाले होते.

तालुक्यात लग्नाची शूटिंग म्हणलं की जैनूच. त्याचं खरं कसब शूटिंगमध्ये नव्हतं, कापण्यात होतं. साखरपुडा, हळद, लग्न, वरात असला तीन दिवसांचा पसारा तो पन्नास मिनिटांत बसवायचा आणि एक मावशी सुटायची नाही. लग्नाआधी तो पत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूला यादी करायचा: नवरीचे मामा, नवरदेवाची फुगून बसलेली आत्या, पांगळा चुलता. कापताना एकेका नावावर टिक मारायचा. लग्नाची सीडी, गावच्या तोंडी शिडी, बघून कुणी रुसलंय, असं त्याच्या बाबतीत कधी झालं नाही.

तो हळद खरवडत असतानाच शटरखालून आधी एक स्टीलचा डबा आत आला, मग डबा धरणारा हात, मग चांगुणाबाई सरवदे. निळ्या काठाचं लुगडं, खांद्यावर शाल. वय त्रेसष्ट. सहा किलोमीटरवरच्या वस्तीवर त्यांनी अठ्ठावीस वर्षं अंगणवाडी चालवली. जैनू तेव्हा त्याच वस्तीवर सासुरवाडीच्या घरी राहायचा, त्याची दोन्ही पोरं बाईंच्या हातची खिचडी खाऊन वाढलेली. म्हणून तोही त्यांना बाईच म्हणायचा.

"या बाई, बसा. एवढ्या सकाळी?"

"शेंगोळे हायती हुलग्याचे. अम्मीला दे, दाताला मऊ लागतेत." डबा टेबलावर ठेवून त्या बसल्या. "काम हाय तुझ्याकडं. रविवारी ह्यांना जाऊन वरीस होतंय. विहारात पुण्यानुमोदन ठिवलंय. आमचा धम्मपाल म्हणला, भाषणं नकोत, लोक जांभया देतेत. म्या म्हणलं, त्यापरीस जैनूनं ह्यांच्यावर काढलेली मालिका लावू. पडदा त्यो बघतोय. मिशीन तुझी."

जैनूच्या हातातला ब्रश थांबला. "सगळी?"

"मग, अर्धी कशाला? म्या चारच भाग बघितले, ते बी ह्यांच्यासंगं बसून. पुढं नातीच्या, दीक्षाच्या मोबाईलात नेटच चालंना. कवा रिचार्ज संपलाय म्हणती, कवा टावर पडलाय म्हणती. वरीसभर टावर पडलेलाच हाय."

"लई लांब हाय बाई ती. सत्तेचाळीस भाग."

"एका सायकलीवर सत्तेचाळीस?" चांगुणाबाई पदर तोंडाला लावून हसल्या. "हूं दे. जेवणं झाली की बसू. लोकाला कुठं जायचंय."

नाही म्हणायला काहीतरी कारण लागतं. जैनूजवळ कारण होतं, पण ते तोंडातून काढायची हिंमत नव्हती. तो "व्हय" म्हणाला. बाई गेल्या. डबा अजून गरम होता.

चांगुणाबाईंचा नवरा गुलाब सरवदे. दगडाच्या खाणीत घण मारणारा माणूस. नव्वदच्या आसपास गावात बायांसाठी संध्याकाळचा वर्ग निघाला. चांगुणाला अक्षर येत नव्हतं आणि तिला शिकायचं होतं. खाणीतून आल्यावर गुलाब हातपाय धुवायचा आणि बायकोला सायकलवर मागं बसवून सहा किलोमीटर न्यायचा. वर्गात पुरुषाला परवानगी नाही. मग हा खिडकीखालच्या वट्ट्यावर शेंगा फोडत बसायचा. आत शिकवणाऱ्या सिताबाई मास्तरीण मोठ्या आवाजात पाढे म्हणायच्या, आणि वट्ट्यावर गुलाबही म्हणायचा. तीन वर्षं असं चाललं. शेवटी दोघंही सातवीच्या परीक्षेला बाहेरून बसले. चांगुणा पास झाली, गुलाब गणितात गेला. बायकोच्या पास होण्याचे पेढे त्यानं वस्तीभर वाटले आणि प्रत्येक दारात सांगितलं, "ही पास. म्या वट्ट्यावरच." त्या सातवीवर पुढं तिला अंगणवाडी मिळाली.

गोष्ट एवढीच. गुलाबमामांनीच ती जैनूला सांगितली होती, दोन वर्षांमागं, याच दुकानात, कॅमेऱ्यासमोर बसून. जैनूच्या मनात बरीच वर्षं होतं, लग्नाबाहेरचं काहीतरी एकदा काढावं. ऐकून तो म्हणाला होता, "मामा, हे म्या काढणार."

"काढ की. पण एक ऐक. लांबवू नको. माणूस जेवून बसला की लघवीला उठायच्या आत संपलं पाहिजे."

यात जैनूला नवं सांगण्यासारखं काही नव्हतं. टीव्हीवरच्या मालिकांची सगळ्यात जास्त टिंगल तोच करायचा. हॉटेलात बसला की म्हणायचा, "बाई सोमवारी जिन्याच्या पायरीवर पाय ठिवती अन् शुक्रवारी खाली उतरती. मधी तीन दिस नुसती तोंडं दाखवतेत, एकेकाचं तीनदा. अरे, हे सगळं माझ्याकडं द्या, दीड तासात बसवून देतो. चांगल्या गोष्टीचा पार चोथा केलाय." लोक हसायचे. किराणावाला शंभुलिंग स्वामी म्हणायचा, "मग काढून दाखव की तू." शंभुलिंगलाच त्यानं गुलाब केला. बिचारा दुकान बंद करून यायचा, जुनी बनियन घालायचा आणि सायकल हाणायचा.

मोबाईलवर एकदम दीड तास कोण बघतंय, म्हणून बारा-बारा मिनिटांचे सात भाग करायचे आणि दर गुरुवारी एक टाकायचा, असं ठरलं. नाव ठेवलं 'गुलाबची सायकल'. पहिले चार भाग गुलाबमामांनी नातीच्या मोबाईलवर बघितले. निरोप धाडला, "शंभुलिंग माझ्यापरीस देखणा दिसायलाय, तेवढं सोडलं तर बरं हाय." पाचव्या गुरुवारच्या आधी मामा गेले. साधा ताप आला होता.

पाचवा भाग टाकला आणि तो कसा कुणास ठाऊक, पार वाशीपासून सोलापूरपर्यंत फिरला. लोक खाली लिहायला लागले: पुढं काय, पुढं काय. स्टँडावर अनोळखी माणसं विचारायला लागली. मोबाईलच्या दुकानवाल्यानं भागाच्या सुरुवातीला आपलं नाव टाकायला सांगितलं. सहाव्या भागात परीक्षा व्हायची होती. जैनूनं ती पुढं ढकलली. सहाव्यात सायकल पंक्चर झाली. सातव्यात पंक्चर निघालं नाही. आठव्यात सासू आली, जी खऱ्या आयुष्यात लग्नाआधीच वारलेली होती. तेराव्यापर्यंत कशीबशी ओढत आणली, मग बघणारे गळायला लागले. तेव्हा चौदाव्या भागात गुलाब पिऊन आला.

शंभुलिंगनं झोकांडी अशी खाल्ली की लोहाऱ्यात आठवडाभर दुसरा विषय नव्हता. मग गुलाब पितच राहिला. त्यानं सायकल विहिरीत टाकली, दप्तर चुलीत घातलं, एकदा हातही उचलला. मूळची परीक्षा झाली ती चव्वेचाळिसाव्या भागात.

चौदावा भाग कापताना जैनूची आई जमिलाबी दारात उभी होती. घरात ती आपल्या बोलीतच बोलायची. "ये कौन रे? गुलाबभाई? उन्ने कब पीते थे? उन्ने तो पान बी नै खाते थे."

"अम्मी, कहानी है."

"कहानी में बी नै पीते थे," म्हातारी म्हणाली आणि आत गेली.

गुलाब सरवदे म्हणजे विहारात तीस वर्षं लोकांकडून पंचशील म्हणवून घेणारा माणूस. पाचवं शील मद्यापासून दूर राहण्याचं. ते म्हणताना मामांचा आवाज जरा चढायचा, हे जैनूनं वस्तीतल्या लग्नांच्या शूटिंगमध्ये कितीदा ऐकलं होतं. कापताना तो आवाज त्यानं कधी कापला नव्हता.

दुपारी कॉलेज सुटल्यावर चांगुणाबाईंची नात दीक्षा दुकानात आली. अकरावीची पोर. सॅक काढली नाही, बसली नाही.

"चाचा, आजी आलती?"

"आलती."

"काय म्हणलात?"

"व्हय म्हणलो."

दीक्षा भिंतीवरच्या नवरा-नवरीच्या फोटोंकडं वळली. "जीपमधी पोरं अंगठा तोंडाला लावून दाखवतेत मला. आज्जा कसा हाय म्हणतेत. बाबानं तुम्हाला फोन करायचं ठरवलं हुतं, म्याच नको म्हणलं. आजीच्या कानावर जाईल म्हणून. तिला वाटतंय, आजोबाचं जगात सगळ्यात चांगलं जर कुणी काही केलं असंल तर ते तुम्ही. टावर पडलाय म्हणून सांगून सांगून माझी जीभ झिजली."

"म्या कापतो, बेटा. मामांनी सांगितलं तेवढंच ठिवतो. बाकी सगळं काढतो."

"अन् लोकाच्या डोक्यातलं? ते बी कापतंय का तुमचं मशीन?"

दीक्षाच्या आवाजात राग असता तर त्याला बरं वाटलं असतं. ती दमल्यासारखी बोलत होती.

तीन दिवस त्यानं लग्नाचं एकही काम घेतलं नाही. एक जुनी पत्रिका उलटी केली आणि मागं यादी लिहिली: गुलाब, चांगुणा, सिताबाई मास्तरीण, सायकल, वट्टा, शेंगा. सात नावं झाली नाहीत. सत्तेचाळीस भाग समोर घेऊन तो एकेक भाग यादीशी ताडत गेला आणि यादीत नाही ते काढत गेला. सासू गेली. विहीर गेली. शंभुलिंगच्या झोकांड्या गेल्या. जे राहिलं त्यात त्याला अशा जागा सापडल्या, ज्या काढल्याचं तो विसरलाच होता. सव्विसाव्या भागात, दारूच्या दोन भांडणांच्या मध्ये, चांगुणा झालेली मुलगी सायकलच्या कॅरिअरवर बसून चालत्या सायकलीवर शंभुलिंगच्या पाठीवर बोटानं 'क' काढते. असली जागा त्यानं भांडणाखाली गाडून टाकली होती.

शनिवारी दुपारी सगळं जोडून झालं. एक तास एकवीस मिनिटं. जैनूनं ते एका बैठकीत बघितलं आणि त्याला उठावंसं वाटलं नाही. आणि तिथंच त्याला लाज वाटली. असं बसवायला येतच नसतं, तर गोष्ट वेगळी. गडी अडाणी होता म्हणून सोडून देता आलं असतं. त्याला येत होतं. सातव्या गुरुवारी हे इथंच संपवता आलं असतं आणि मेलेल्या माणसाच्या तोंडाला बाटली लावावी लागली नसती. आईनं चहा आणून ठेवला, पडद्याकडं बघितलं, म्हणाली, "अब दिखे रे गुलाबभाई." जैनूनं चहा तसाच बाजूला सारला.

रविवारी विहाराच्या खिडक्यांना सतरंज्या लावून अंधार केला होता. सकाळी वंदना झाली तेव्हा जैनू मागं वायरी जोडत होता. पाचवं शील आलं तेव्हा तो उगीचच वाकून प्लग चाचपत राहिला. जेवणं झाली, ऐंशीएक माणूस सतरंजीवर बसलं. पहिल्या रांगेत चांगुणाबाई, एका बाजूला त्यांचा मुलगा धम्मपाल, दुसऱ्या बाजूला दीक्षा. शंभुलिंगही आला होता, भिंतीला टेकून.

सुरू झालं आणि लोक हसायला लागले. वट्ट्यावर गुलाब शेंगा फोडत सतराचा पाढा चुकतो, तिथं चांगुणाबाईंनी दीक्षाच्या मांडीवर थाप मारली. "अस्संच करायचे बघ. सतरानं लई छळलं त्यांना." पाठीवर 'क' काढायची जागा आली तेव्हा त्यांनी हसायचं थांबवलं आणि नुसतं बघत राहिल्या.

मग वर्ग सुटला आणि दोघं वस्तीवर परतले. पडद्यावर सायकल दुसऱ्या दिवशीच्या वर्गाला निघाली. तेवढ्यात खाणीतला गुलाबचा जुना जोडीदार धोंडीबा, ज्याला ऐकायला कमी येतं म्हणून जो कायम ओरडूनच बोलतो, मागून म्हणाला, "जैनू, अरे मधलं कुठं गेलं? गुलाब पिऊन येतो अन् सायकल हिरीत टाकतो ते? शंभ्यानं काय झोकांडी खाल्लीय त्यात."

शेजारच्यानं त्याचा हात दाबला. "काय झालं? म्या काय चुकीचं बोललो?" धोंडीबा आणखी मोठ्यानं म्हणाला.

चांगुणाबाईंनी मान वळवली. "कोण पिऊन येतो?"

दीक्षानं आजीचा हात धरला. जैनूनं मशीन थांबवलं. पडद्यावर शंभुलिंगचा पाय पायडलवर तसाच राहिला.

"ते म्या घातलं हुतं, बाई," जैनू म्हणाला. "ह्यात न्हाय, मोबाईलवरच्यात. मामा पीत नव्हते हे मला..."

"मला नको सांगू. पंचेचाळीस वर्सं संसार म्या केलाय." बाईंचा आवाज वर्गात पोरांना विचारायचा तसा होता, सरळ. "किती भागात पिले?"

"एकोणीस."

"मारलं बी मला?"

जैनूला खाली बघावं लागलं. "एकदा."

"हे त्यांनी बघितलं का? का गेल्यावर केलंस?"

"गेल्यावर."

भिंतीपाशी शंभुलिंगनं दोन्ही हातांत तोंड धरलं होतं. चांगुणाबाईंनी शाल नीट केली. मग त्या पडद्याकडं वळल्या.

"लाव पुढचं. लोक बसलेत."

शेवटी परीक्षा झाली, पेढे वाटले, आणि त्याच्याही पुढं जैनूनं शंभुलिंगला सोडून खरे गुलाबमामा जोडले होते, दुकानात बसून बोलताना. पांढरे केस, टोपी गुडघ्यावर. मामा म्हणाले, "ही पास. म्या वट्ट्यावरच." आणि हसले. पडदा काळा झाला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बायका डोळे पुसत होत्या.

चांगुणाबाई उठल्या. वायरी गुंडाळणाऱ्या जैनूजवळ आल्या. "एवढंच सांगितलं हुतं ना रे त्यांनी तुला?"

"व्हय बाई."

"मग," त्या म्हणाल्या आणि खरकट्या पत्रावळी गोळा करायला बाहेर गेल्या.

धम्मपालचा आवाज दबका होता पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "आज संध्याकाळपर्यंत सगळं पुसून टाका जैनूभाई. एक भाग दिसला नाही पाहिजे."

"नको," दीक्षा म्हणाली. "एकदम पुसलं की लोक म्हणतील, खरं हुतं म्हणून काढलं. एकेक गुरुवारी दारूचा एकेक भाग काढायचा, अन् त्या जागी चाचानं स्वतः बसून सांगायचं. जितके भाग पाजलं तितक्या वेळा."

धम्मपालनं जैनूकडं बघितलं. जैनूनं मान हलवली.

पहिल्या गुरुवारी तो बावीस वर्षांत पहिल्यांदा कॅमेऱ्याच्या पुढच्या बाजूला बसला. हात कुठं ठेवायचे कळेना. नवऱ्यामुलांना तो रोज सांगायचा, दादा, खांदे सैल सोडा. त्याचे सुटेनात. अकराव्यांदा जमलं. "गुलाब सरवदे दारू पीत नव्हते. त्यांनी बायकोवर कधी हात उचलला न्हाय. ते सगळं म्या, जैनोद्दीन शेखनं, मालिका लांबवायला घातलं." वीस सेकंद. कापण्यासारखं त्यात काही नव्हतं. खाली कुणीतरी लिहिलं, आता मजा गेली. दुसऱ्या गुरुवारी तेच वाक्य पुन्हा बोलायचं होतं आणि दुसऱ्यांदा ते जास्त जड गेलं. स्टँडावर आता लोक विचारत, "काय जैनू, आज कितवी बाटली फोडली?" तो आकडा सांगायचा.

मधल्या सोमवारी डबा परत द्यायला वस्तीवर गेला. रिकामा डबा द्यायचा नाही म्हणून अम्मीनं त्यात शेवया भरल्या होत्या. चांगुणाबाईंनी दारातच डबा घेतला. "अम्मीला बरं हाय का?" विचारलं. "बरं हाय," तो म्हणाला. आजवर या दारातून त्यांनी त्याला बस, चहा घे, म्हणल्याशिवाय जाऊ दिलं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी तसं म्हटलं नाही. त्यानं काढलेल्या चपला परत घातल्या.

पाचव्या गुरुवारी सकाळी लोहाऱ्यात ऊन लवकर तापलं. तुराट्या जाऊन त्या जागी कडब्याच्या गंजी आल्या होत्या. त्या दिवसाची वीस सेकंदं टाकून झाली होती. अजून चौदा गुरुवार उरले होते. काऊंटरसमोर नवरीचा चुलता उभा होता, घामेजलेला, हातात लग्नपत्रिका.

"सगळं घ्या बरं का शेखभाई. लई मोठी शिडी करा. तीन तासाची."

"पन्नास मिनिटं," जैनू म्हणाला. "कुणी सुटणार न्हाय. नावं सांगा."

त्यानं पत्रिका उलटी केली, पेन कानामागून काढला, पहिलं नाव लिहिलं, आणि चुलता दुसरं नाव आठवेपर्यंत ब्रश घेऊन स्टँडच्या पायातली हळद खरवडायला बसला.